मिरचीचा हात

डाव्या पायाला तेल लावलं तेव्हा भीमा बोंबलला. उजव्याला लावलं तेव्हा गप बसला.

"हात धू म्हणलं होतं ना तुला आधी! आगीचा डोंब झाला नुस्ता!" डावा पाय पोटाशी ओढून घेऊन तो फुंकर मारायला लागला.

"धुतले की. दोनदा धुतले," धुरपताबाई म्हणाली.

आणि खरंच धुतले होते बिचारीनं. साबणानं धुतले, राखेनं घासले, वरून शेजारणीकडचं वाटीभर ताक चोळलं. पण धर्माबादच्या मोंढ्यात, त्या घाऊक बाजारात, दिवसभर मिरचीची देठं मोडणाऱ्या बाईचा हात असा धुतल्यानं थंड झाला असता तर काय पाहिजे होतं! तिखट नखांच्या आत जाऊन बसतं. ह्या हातानं डोळा चोळायचा नाही, लेकराचं तोंड पुसायचं नाही आणि नवऱ्याच्या अंगाला तर मुळीच लावायचा नाही, हे मोंढ्यातल्या बाया नव्या पोरीला पहिल्याच दिवशी सांगतात आणि पदर तोंडाला लावून खिदळतात. धुरपताबाईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण दिवाळीनंतर हमाली करताना थप्पीवरचा कट्टा, भरलं पोतं, पाठीत पडल्यापासून भीमाची कंबर अशी धरली होती, की तेल चोळल्याशिवाय माणूस जमिनीवरून उठत नव्हता.

"आन् ह्या पायाला कामून न्हाई आग झाली?"

"कोणत्या?"

"उजव्या. आत्ता लावलं की म्या. तुमी फुकरा मारून रायले होते तवा."

"लावलं? कवा?"

तिनं उजवा पाय पुन्हा मांडीवर घेतला. टाचेपासून बोटांपर्यंत खसाखसा चोळला, बेचक्यांत बोटं घातली. डाव्या पायाला एवढं केलं असतं तर भीमानं घर डोक्यावर घेतलं असतं. आता तो नुसता तिच्या तोंडाकडं बघत बसला, लावील आता, लावील मग, म्हणून.

तेव्हा तिला चपलेचं कोडं सुटलं. गेले आठ-पंधरा दिवस भीमाच्या उजव्या पायातली चप्पल वाटेत राहायची आणि ह्याला पत्ता नसायचा. एकदा आडतीपासून पार वजनकाट्यापर्यंत गडी एका चपलेवर चालत गेला. हमालांच्या टोळीचा मुकादम केरबा मागून चप्पल हातात नाचवत आला होता. "भीमराव, दुसरी चप्पल सासऱ्याकडून यायची हाय का?" सगळी टोळी हसली, भीमाही हसला. धुरपताबाईनं घरी आल्यावर चपलेच्या अंगठ्याला सुतळी बांधून दिली होती. आता तिला त्या सुतळीची लाज वाटली.

धर्माबादच्या डॉक्टरनं नांदेडला पाठवलं. नांदेडच्या मोठ्या डॉक्टरनं भीमाला पालथा घातला, उताणा घातला, गुडघ्यावर रबराची हातोडी मारली, टाचणी टोचली.

"मणक्यातली गादी सरकलेली दिसते," तो म्हणाला. "नस दबली आहे. एमआरआय करून आणा, मग ऑपरेशनचं ठरवू."

"एक्सरे हाय की सायेब," धुरपताबाईनं पिशवीतून काळी फिल्म काढली.

"एक्सऱ्यात हाड दिसतं बाई. नस दिसत नाही. आत कुठं, किती दबलंय हे बघितल्याशिवाय मी पाठीला हात लावणार नाही, दुसरंही कुणी लावणार नाही. आणि एक सांगतो, दिवस घालवू नका. आज घोट्यापर्यंत आहे. वर वर येत गेलं आणि पाय एकदा मेला, की मग ऑपरेशन करून मी काय करू?"

एवढं सरळ बोलणारा डॉक्टर तिनं पहिल्यांदाच बघितला. बाहेर आल्यावर तिनं भीमाचा दंड धरला, तो थेट तपासणी केंद्राच्या पायऱ्या चढेपर्यंत सोडला नाही.

सरकारनं हे केंद्र ठेक्यावर दिलेलं. भिंतीवर सरकारी दराचा बोर्ड लावायचा असा नियम, म्हणून बोर्ड होता. त्याच्यापुढं पाण्याचा कूलर उभा केलेला. कूलरच्या एका बाजूनं "शास" दिसायचं, दुसऱ्या बाजूनं "मात्र". मधले आकडे ज्याला बघायचे असतील त्यानं कूलर सरकवावा.

खिडकीत एक गोरागोमटा माणूस बसला होता. समोर नावाची पाटी, तिचा अर्धा भाग कुठल्याशा औषध कंपनीच्या चिकटपट्टीखाली गेलेला.

"मृत्यु," भीमानं वाचलं.

"पुढचं वाचा की."

"पुढचं झाकलंय."

"दवाखान्यात बसून काय नाव ठिवलंय बापा!"

"मृत्युंजय," तो माणूस आतून खेकसला. "कागद द्या. सरकारी दरात करायचं का साध्या दरात?"

साधा म्हणजे स्वस्तच असणार. धुरपताबाई म्हणाली, "साध्याच करा सायेब. आमाला काय भारीतलं नगं."

त्यानं साध्या दराचा आकडा सांगितला. तो सरकारी दराच्या दुपटीच्या वर होता.

"मायबाई! आन् सरकारी?"

"सरकारीत तारीख मिळते. साध्यात आत्ता होतं."

"मशिनी दोन हायती का मग?"

"एकच आहे."

"मग ती आत्ता मोकळी हाय?"

"साध्याला मोकळी आहे."

"आन् सरकारीला?"

"मावशी, मागं लाईन आहे. तारीख देऊ का नको?"

दिली. तीन आठवड्यांनंतरची. धुरपताबाई चिठ्ठी घडी घालून कमरेला खोचत होती, एवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. ठक ठक ठक ठक, मग घूंऽऽ, मग पुन्हा ठक ठक ठक.

"आत लोहार बशिवलाय का काय?" तिनं दारावरच्या शिपायाला विचारलं.

शिपाई हसला. कंधारकडचा म्हातारा, बोलायला बरा होता. "तीच तुमची मशीन. चालू आसली की आशीच ठोकती. बंद आसली की मुकी."

तीन आठवडे. भीमा टोळीत जायचा ते नुसता सावलीत बसायला. पाठीवर कट्टा घेणारा माणूस कट्टे मोजत बसला, की त्याला दिवस खायला उठतो. मिरचीचा हंगाम ऐन भरात आलेला, तेलंगणाकडून गाड्यांवर गाड्या लागलेल्या, मोंढा लाल झालेला, आणि हा बाभळीखाली. संध्याकाळी घरी आला की पाय पुढं करायचा आणि म्हणायचा, "लाव बरं तुझा मिरचीचा हात. बगू कुठवर कळतंय." धुरपताबाई खालून वर बोटं दाबत न्यायची. घोटा गेला होता. घोट्याच्या वर चार बोटं गेलं की भीमा "हां, हितं पोळलं" म्हणायचा आणि दोघांना बरं वाटायचं. घरातली तपासणी ही. तारीख नाही, खिडकी नाही.

तारखेच्या पहाटे थंडी मी म्हणत होती. गाडी अंधारात होती. भीमाच्या अंगात धुतलेला सदरा, पण वरून घालायला काही नाही. धुरपताबाईनं खुंटीवरची शाल ओढली आणि त्याला गुंडाळली. ही शाल ती मोंढ्यात अंगाखाली घेऊन बसायची. आता हसावं का रडावं सांगा! दुसऱ्या कुण्या घरातल्या बाईला त्या शालीचा वास आला असता, नाकातून पाणी आलं असतं. हिचं नाक हंगामात मेलेलंच असायचं आणि त्याचंही.

केंद्रात त्या दिवशी नाव वेळेवर पुकारलं. आत घेतलं. सगळं पांढरं, गार. पांढऱ्या कोटातल्या पोरानं सांगितलं, "अंगावरचं लोखंड काढा. चुन्याची डबी काढा. पट्टा काढा. सदरा काढा, हा झगा घाला. ती शालही काढा."

भीमा उघड्या अंगानं स्टुलावर बसला. पाठीवर कट्ट्यांनी पडलेले घट्टे, पोट आत गेलेलं. धुरपताबाईनं शाल हातात घेतली. आणि कापड हातात आलं की बाई काय करते? झटकते, मग घडी घालते. तिनं दोन्ही टोकं धरली आणि सणसणीत दोनदा झटकली.

डोक्याच्या वर भिंतीत एक पांढरी जाळी होती. तिनं ती बघितलीही नव्हती.

आधी कोटातला पोरगा शिंकला. मग खोकला. मग त्याला खोकता खोकता उभं राहवेना. आतल्या काचेच्या खोलीतला दुसरा माणूस तोंड धरून बाहेर आला. पलीकडच्या सोनोग्राफीच्या खोलीतून कुणीतरी "काय जळालं? काय जळालं?" म्हणून ओरडलं. एक नर्स डोळे झाकून भिंतीला आपटली. खिडकीतला मृत्युंजय नाकाला टाय लावून धावत आला.

"कुणी... खो... कुणी झटकलं? जाळीखाली कशाला झटकलं? हवा ओढते ती! सगळ्या खोल्यांत जाते!"

धुरपताबाई शाल छातीशी धरून उभी. भीमा झगा अर्धा अंगात, अर्धा बाहेर. त्या सगळ्या खोकणाऱ्या माणसांत हे दोघंच तेवढे धड उभे होते आणि त्यामुळं ते आणखीच गुन्हेगार दिसत होते.

"चुकलं सायेब. मिरचीचं हाय ते. उगं जरासंच..."

"कुठून येता तुम्ही लोक! आंघोळी तरी करत जा! चला, निघा. आज बंद. पुढची तारीख घ्या."

आंघोळ दोघांनीही केली होती. पहाटे, थंड पाण्यानं, कारण चूल पेटवायला वेळ नव्हता. ते सांगायला तिनं तोंड उघडलं, पण मृत्युंजय तोवर पाठ फिरवून गेला होता. भीमानं मान खाली घालून सदरा चढवला. गुंड्या खालीवर लागल्या. गाडीत बसल्यावर तिनं त्या काढून नीट लावल्या.

पुढची तारीख पुन्हा तीन आठवड्यांची.

मग मोंढ्यात ती बातमी आली. बाया मिरचीच्या ढिगाभोवती गोल बसल्या होत्या, तोंडाला फडकी बांधलेली. बानोनं मोबाइल काढला. बानो ही धुरपताबाईची देठं मोडण्यातली जोडीदारीण, गावात जुनं घर, जिभेला हाड नाही.

"ए धुरपता, इकडं बग. माज्या पोरानं, कलीमनं पाठिवलंय. सरकारनं हुकूम काढला. एमारायचे भाव आर्धे! एक तारखेपासून. ज्यास्ती घेतले तर परवानाच रद्द करतेत म्हणे!"

"खरं म्हनतीस?"

"हे काय, छापून आलंय की. अल्लाची मेहर हाय तुज्यावर."

एक तारीख आठ दिवसांवर, धुरपताबाईची तारीख त्याच्या दुसऱ्या दिवशी. तिनं फडकं खाली ओढलं आणि कितीतरी दिवसांनी मोकळी हसली. "बरंच झालं बाई त्या दिशी ठसका लागला. न्हाई तर जुन्या भावात झालं असतं."

सगळ्या बाया हसल्या. माणूस कधी काय बोलून जाईल, नेम नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी भीमा घरात आला तो दारापासून जमिनीवर रक्ताचे ठिपके पाडत. अंगठ्याचं नख कुठंतरी दगडाला लागून अर्धं उपटलं होतं. त्याला माहीत नव्हतं. पाय आता उचलून पडत नव्हता, अंगठा ओढत यायचा. तिनं जखम बांधली आणि मिरचीचा हात वर वर नेला. चार बोटं. वीत. पोटरीचा अर्धा भाग गेला तरी तो बोलेना. अर्ध्याच्या वर "हुं" म्हणाला.

"धुरपते," तो म्हणाला, "साध्या भावात करून टाकू का उद्या? तुझे कानातले मोडले तर व्हतंय."

कानातल्याचं तिला काही नव्हतं. कान काय, उघडे राहिले म्हणून कुणी मरत नाही. पण अर्धे पैसे वाचले तर ऑपरेशनच्या औषधाला होतील, गाडीभाड्याला होतील, असा हिशेब तिच्या डोक्यात बसला होता. आणि मुख्य म्हणजे हुकूम. एकदा तरी सरकारनं आपल्या बाजूनं काही लिहिलं होतं. ते वाया घालवायचं?

"आठच दीस हायती," ती म्हणाली. "इतके काढले, आठ निगतेत की."

भीमानं पाय खाली घेतला. तो तिचं ऐकायचा. मोंढ्यात म्हणायचेसुद्धा, भीमा कट्टा मुकादमाच्या सांगण्यानं उचलतो आणि धुरपताच्या सांगण्यानं खाली ठेवतो.

ह्या खेपेला तिनं कसर ठेवली नाही. आदल्या दिवशी मोंढ्याला गेलीच नाही. भीमाला बेसन लावून चोळला, सदरा तीन पाण्यांतून काढला, स्वतः शेजारणीचं लुगडं नेसली. शाल मात्र घ्यावी लागली, कारण गाडीच्या बाकड्यावर त्याला उघडं बसवत नव्हतं. धुतली तर थंडीत एका दिवसात वाळायची नाही, म्हणून तिनं ती तशीच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंडाला दोन गाठी मारल्या. गाडीतून उतरल्यावर पुन्हा गाठी मारल्या. शहाणी झाली होती बाई.

केंद्रात पाऊल टाकलं आणि तिला भडभडून आलं, आनंदानं. कूलर हलवला होता. नवा बोर्ड लावला होता, चकचकीत, खालून दिवा सोडलेला. सुधारित शासकीय दर. आकडा अर्धा. भीमानं मोठ्यानं वाचला, पुन्हा वाचला. त्या बोर्डाखाली भिंतीला टेकून दहा-पंधरा माणसं बसली होती. कुणी जळकोटाकडचं, कुणी भोकरचं. एक बाई मांडीवर पोराचं डोकं घेऊन.

आणि खिडकीच्या काचेवर हातानं लिहिलेला कागद: मशीन बंद आहे.

"सायेब, आमची आजची तारीख हाय," धुरपताबाईनं चिठ्ठी सरकवली.

"वाचता येत नाही का? बंद आहे."

"काय झालंय तिला?"

"बिघाड झालाय. बाहेरून पार्ट यायचाय."

"कवा येईल?"

"सांगता येत नाही. पंधरा दिवस, महिना. फोन करून या."

"फोन उचलतेत का तुमी?"

भिंतीला टेकलेला एक म्हातारा म्हणाला, "आमी कालपसून हितंच हावोत माय. एक तारखेला भाव उतरला आन् एक तारखेलाच मशीन बसली. मोठी गुणाची मशीन हाय."

भीमाला उभं राहवेना. ती त्याला घेऊन पलीकडच्या बाकड्याकडं गेली, त्याला भिंतीला टेकवून बसवला आणि पाय वर घेतला. अंगठ्याची चिंधी पुन्हा ओली झाली होती. पंधरा दिवस, महिना. पोटरीपासून गुडघा किती लांब असतो? गुडघ्यापासून वर काय राहतं?

आणि तेव्हा तिनं ऐकलं.

ठक ठक ठक ठक. घूंऽऽ. ठक ठक ठक.

तिनं भिंतीला कान लावला. भिंत थरथरत होती.

ती खिडकीशी आली. "सायेब, मशीन चालू हाय."

"एसीचा आवाज आहे तो."

"एसी ठोकती व्हय?"

"मावशी, डोकं खाऊ नका."

तिनं दारावरच्या शिपायाकडं बघितलं. तो कंधारकडचा म्हातारा. त्यानं नजर चुकवली आणि उगीच गेटाकडं बघायला लागला. गेटाशी एक पांढरी मोठी गाडी उभी होती, दार उघडं टाकून ड्रायव्हर आत झोपलेला. मागच्या दाराकडं जाणाऱ्या फरशीवर ओल्या बुटांचे ठसे.

"चल घरी," भीमा मागून म्हणाला. "उगं तमाशा नगं. मागच्या टायमाला झाला तेवढा रग्गड झाला."

"तुमी गप बसा!" ती अशी ओरडली की पोराचं डोकं मांडीवर घेतलेली बाई दचकली. "पाय तुमचा हाय म्हणून गप बसता व्हय? माजा असता तर बसले असते का? सहा हप्ते झाले मी तारखा घेऊन रायले! आंगोळ करून आले, बेसन लावून आले, धुतलेलं नेसून आले! आता आजून काय सोलून यावं?"

भिंत ठोकत राहिली.

एवढ्यात आतलं दार उघडून एक सफाईवाली बादली घेऊन बाहेर आली. दार हळूहळू मिटायला लागलं. धुरपताबाईनं त्या फटीत पाय घातला आणि आत शिरली. समोरच ते स्टूल होतं, मागच्या खेपेला भीमा उघडा बसला होता ते. आणि वर पांढरी जाळी.

तिनं पिशवीच्या गाठी सोडल्या. घाईत सुटेनात, तर दातानं तोडल्या. शाल काढली. दोन्ही टोकं धरली. आणि मागच्या वेळी दोनदा झटकली होती, ती आता हात भरून येईपर्यंत झटकली.

क्षणभर काहीच झालं नाही.

मग भिंतीपलीकडं ठकठक थांबली. एक दार आपटलं. पहिला बाहेर आला तो कोटातला पोरगा, दस्ती नाकाला, डोळ्यांतून धारा. त्याच्यामागं काचेच्या खोलीतला माणूस. त्याच्यामागं निळा झगा घातलेला एक धष्टपुष्ट गृहस्थ, पायांत मोजे, हातात स्वतःची पँट. आणि त्याच्यामागं त्याची बायको, खोकता खोकता नवऱ्याचे बूट सांभाळत.

बाहेरची सगळी माणसं उठून उभी राहिली. तीही खोकत होती, पण बघतही होती.

"आगं माय," तो म्हातारा म्हणाला, "बंद मशिनीतून किती मानसं निगाली!"

कुणीतरी मोबाइल वर धरला. मृत्युंजय खिडकी सोडून धावत आला, दोन्ही हात पसरून, जणू त्या झग्यातल्या माणसाला झाकता येणार होतं. "शूटिंग नको! आत्ताच... खो... आत्ताच दुरुस्त झाली! टेस्टिंग चालू होतं!"

"झाली ना दुरुस्त?" धुरपताबाई म्हणाली. "मंग आमाला घ्या. आमची आजची तारीख हाय. बोर्डावर लिवलाय त्या भावात."

आणि त्यानं घेतलं. काय करील? पाच-सहा मोबाइल वर होते. डोळे पुसत पुसत त्यानं पैसे घेतले, नव्या भावाचे, आणि पावती फाडली.

भीमाला आत नेलं तेव्हा खोलीत अजून तिखट तरंगत होतं. कोटातला पोरगा काचेआड जाऊन माइकवर बोलायचा ते बाहेरपर्यंत ऐकू यायचं. "आजोबा, अजिबात... खो... हलायचं नाही... खो खो... नाहीतर फोटो... हलतो!" धुरपताबाईचा जीव टांगणीला लागला. ठकठक सुरू झाली. तिनं शालीचा बोळा तोंडाशी धरला आणि कान देऊन उभी राहिली. पोरगा खोकत होता, नर्स खोकत होती, सोनोग्राफीच्या खोलीत कुणी शिंकत होतं. भीमाचा आवाज नाही. मिसरूड फुटल्यापासून मिरचीचे कट्टे वाहिलेला माणूस, त्या सगळ्या इमारतीत तोच एकटा थप्पीतल्या कट्ट्यासारखा निजून होता.

बऱ्याच वेळानं त्याला बाहेर आणून बाकड्यावर बसवलं. फोटो चांगला आला, पोरगा नाक पुसत सांगून गेला. रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडं आजच जा. पलीकडं खिडकीत दुसऱ्याचं नाव पुकारत होते, पोराला मांडीवर घेतलेल्या बाईचं. भिंत पुन्हा ठोकायला लागली.

भीमानं डोकं भिंतीला टेकवलं, डोळे मिटले. तो खुशीत होता. किती दिवसांनी त्याचा चेहरा असा सैल झाला होता.

"एक डाव बी खोकलो न्हाई बग," तो म्हणाला. "पोरगं म्हनलं, आजोबा तुमच्यावानी पेशंट न्हाई पायला."

"म्या ऐकलं की."

"शाल झटकलीस ना? हात तिखट आसंल. लाव बरं पायाला. बगू कुठवर आलंय. डाक्टरला सांगाया व्हईल."

धुरपताबाई खाली फरशीवर बसली. त्याचा उजवा पाय मांडीवर घेतला. तिचे तळवे लाल झाले होते, तिचे तिलाच चुणचुणत होते. तिनं घोट्याला चोळलं. चार बोटं वर आली. वीतभर आली. पोटरीचा अर्धा, जिथं आठ दिवसांपूर्वी तो "हुं" म्हणाला होता, तिथं जरा थांबली. मग पोटरी संपली. आठच दीस, ती मनात म्हणाली, आठच दीस हायती म्हणाले मी. गुडघ्याखालच्या हाडावर आली. गुडघ्याच्या वाटीवर आली. तिथं दोन्ही हातांनी, नखं रुतवून, होता नव्हता तेवढा जोर लावून दाबलं.

भीमा डोळे मिटून वाट बघत होता.

"लाव की," तो म्हणाला. "कवा लावणार हाईस?"